कोल्हापुरात बसून भयकथांचं छोटं प्रकाशन कसं उभं करावं

भयकथा, गूढकथा छापायचं प्रकाशन काढायचं मनात असेल, तर नाव, लोगो, लेटरहेड यांच्या आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करा. या कथांना तुम्ही साहित्य मानता की नाही? मराठीत भयकथेला वाचक नाही असं कधीच नव्हतं. कुठल्याही जुन्या वाचनालयात जा. सगळ्यात जास्त हाताळलेली, कणा निघालेली, चिकटपट्ट्या मारलेली पुस्तकं याच कपाटात असतात. तरीही हलका कागद, नावापुरतं मुद्रितशोधन, मुखपृष्ठावर कवटी आणि लेखकाशी तोंडी व्यवहार, अशीच वागणूक या प्रकाराला बऱ्याच ठिकाणी मिळाली. वाचक घाबरायला येतो, त्याला शुद्धलेखनाचं काय, असं म्हणणारी माणसं मी या धंद्यात पाहिली आहेत. मला ते अजिबात पटत नाही. रात्री एकटा वाचत बसलेला माणूस एकेक शब्द कान देऊन ऐकत असतो. तिथं एक चुकीची वेलांटी आली की तो गोष्टीतनं बाहेर पडतो आणि जमवत आणलेली सगळी भीती विरून जाते. भयकथेला मुद्रितशोधन इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त लागतं.

मी मूळची मुद्रितशोधक. प्रेसमध्ये कित्येक वर्षं इतरांची पुस्तकं तपासली. आता राजारामपुरीत घराच्या माडीवरच्या खोलीतनं वर्षाला दोन, फार तर तीन पुस्तकं काढते. तुम्हीही एवढ्यावरच सुरुवात करा. एका वर्षात दहा पुस्तकांची घोषणा करणाऱ्याकडं संपादनाला वेळ नसतो, आणि संपादन नसेल तर प्रकाशकाकडं काम उरतं ते फक्त छापून आणण्याचं.

कागदपत्रं

हा भाग लोकांना उगीच अवघड वाटतो. एकट्याचा व्यवसाय असेल तर स्वतःच्या पॅनवर सुरू होतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे, गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचं, कामही ऑनलाइन होतं. या दोन कागदांवर बँकेत प्रकाशनाच्या नावानं चालू खातं उघडा, म्हणजे घरखर्चात पुस्तकाचे पैसे मिसळणार नाहीत. नाव ठरवताना ते दुसऱ्या कुणी ट्रेडमार्कमध्ये घेतलेलं नाही ना, हे सोळाव्या वर्गात शोधून बघा. छापील साहित्य त्या वर्गात येतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडनं मिळतो. ही एजन्सी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली चालते, अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. कुणी 'काढून देतो, एवढे द्या' म्हणालं तर नमस्कार करा. छापील पुस्तकाला एक क्रमांक, त्याच्याच ई-बुकला वेगळा. मजकूर न बदलता पुन्हा छापलं तर जुनाच क्रमांक चालतो.

पुस्तक निघालं की तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. १९५४ चा तसा कायदाच आहे. बरेच छोटे प्रकाशक हे करत नाहीत. तुम्ही करा. पन्नास वर्षांनी कुणी मराठी भयकथेवर अभ्यास करायला बसलं तर तुमचं पुस्तक त्याच्या हाताला लागलं पाहिजे.

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. प्रेसच्या बिलावर मात्र तो लागतो आणि तुम्हाला परत मिळत नाही. म्हणून कोटेशन घेताना करासकट आकडा मागा.

संहिता कुठून आणायची

आपल्या भोवती भीतीचा केवढा मुलूख आहे, हे आधी नीट बघा. पन्हाळ्यावरची अंधारबाव आहे. गगनबावड्याचं धुकं आहे, दाजीपूरचं जंगल आहे. पावसाळ्यात फुगणारी पंचगंगा आहे, आणि रात्रीच्या लाइटीला पाणी पाजायला एकटा जाणारा शेतकरी आहे. तरी नवा लेखक पहिली कथा पाठवतो ती तळघर असलेल्या बंगल्याची. आपल्या जुन्या घराला तळघर कुठं असतं? आपल्याकडं माळा असतो, सोपा असतो, परडं असतं, भिंतीत बळद असतं. जमिनीखाली धान्याचं पेव असतं, आणि बंद पेवात उतरलेला माणूस गुदमरून मेल्याची गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. ज्या घरात आपण वाढलो त्या घराची भीती लेखकाला लिहायला लावणं हे संपादकाचं पहिलं काम.

लेखक शोधायला शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागात ओळख करून घ्या, पण तिथंच थांबू नका. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, शाहूवाडी या भागात चांगलं सांगणारी माणसं आहेत, पण आपण लेखक आहोत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बोलीत आलेली संहिता प्रमाण भाषेत 'सुधारून' घेऊ नका. चंदगडी बोलीतला संवाद चंदगडीतच राहू द्या. निवेदन कुठल्या भाषेत ठेवायचं हे लेखकाबरोबर बसून ठरवा, आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच पाळा.

संपादन म्हणजे नेमकं काय करायचं, ते एका कथेवरनं सांगते. कागल भागातल्या एका तरुणानं कथा पाठवली होती. तिच्यातला महत्त्वाचा प्रसंग असा होता:

'ती एक भयाण, काळीकुट्ट अमावास्येची रात्र होती. अनामिक भीतीने त्याचे हृदय धडधडू लागले. त्या उसाच्या फडात कुणीतरी होते!'

मी त्याला फोन करून एवढंच विचारलं, की तिथं उभा राहिलेल्या माणसाला नेमकं काय दिसलं? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पाणी पुढं जाईना मॅडम." म्हटलं, मग तेच लिहा. त्याचा नवा मजकूर असा आला:

'रात्री एकला लाइट आली. मोटर चालू करून तो सरीच्या खालच्या टोकाला जाऊन बसला. पाणी पोचायला पाहिजे होतं, पोचेना. उंदरानं बीळ पाडलं असेल म्हणून त्यानं सरीत बॅटरी मारली. पाणी येत होतं. फक्त मधे दोन ठिकाणी दुभंगून, वळसा घेऊन येत होतं. त्या दोन जागांमध्ये अंतर एका पावलाचं. बघता बघता मागची जागा पुढं आली.'

भयाण नाही, अमावास्या नाही, उद्गारचिन्ह नाही. भीती वाटल्याचं कुठं सांगितलेलंही नाही. ज्यानं उसाला पाणी पाजलंय त्याला हा परिच्छेद वाचल्यावर पुढची पाळी जड जाईल. संहिता हातात आली की 'भयाण', 'गूढ', 'अनामिक', 'काळीकुट्ट', 'अंगावर काटा' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारत जा आणि प्रत्येक रेघेपाशी लेखकाला विचारा, की इथं दिसलं काय, ऐकू काय आलं, वास कशाचा आला. निम्म्या जागी उत्तर तयार असतं. उरलेल्या निम्म्या जागी लेखकानं तो प्रसंग डोळ्यांपुढं आणलेलाच नसतो, आणि तिथं ते वाक्य काढून टाकलं तरी कथेचं काही बिघडत नाही.

दुसरी तपासणी भुताच्या नियमांची. मुंजा झाड सोडत नसेल तर शेवटच्या पानावर तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये कसा आला? वाचक काहीही मान्य करायला तयार असतो, पण एकदा मान्य केलेलं लेखकानं मोडलं की त्याचा विश्वास उडतो. मी प्रत्येक कथेसाठी एक कागद करते. हे काय करू शकतं, काय करू शकत नाही, कुणाला दिसतं, कुणाला नाही. दीर्घकथा असेल तर हा कागद लेखकाकडंही देते.

तिसरी तपासणी जरा नाजूक आहे, पण टाळू नका. आपल्या लोकसमजुतीतल्या भुतांना जात आहे, लिंग आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. जिच्या वाट्याला जिवंतपणी यातना आल्या तिलाच मेल्यावर राक्षसीण करायचं, ही समजूत नवा लेखक विचार न करता उचलतो. हडळीची गोष्ट लिहूच नये असं मी म्हणत नाही. ती बाई कशी मेली, दवाखाना किती लांब होता, कुणी तिला नेलं नाही, हे कथेला ठाऊक असलं पाहिजे. ते ठाऊक असलेली हडळ फार जास्त भीतीदायक होते.

कथेतलं भूत कथेतच राहू द्या

हे मी कोल्हापूरची म्हणून सांगते. याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता, आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा ठिकाणी बसून भुताच्या गोष्टी छापणाऱ्यावर जबाबदारी येते. भीतीची कथा आणि अंधश्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण प्रकाशकानं ढिलाई केली की त्यांच्यातली सीमा पुसली जाते.

म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून पाळा. 'सत्य घटनेवर आधारित' हे शब्द मुखपृष्ठावर घालू नका, लेखक कितीही शपथेवर सांगत असला तरी. त्यानं शे-दोनशे प्रती जास्त खपतीलही, पण कुठल्या तरी गावात कुठल्या तरी बाईकडं बोट दाखवायला ते पुस्तक वापरलं जाईल. मांत्रिक, ज्योतिषी, 'समस्या निवारण' यांच्या जाहिराती घेऊ नका. मानसिक आजार असलेलं पात्र देवऋष्याकडं नेऊन बरं झालं, असा शेवट करणारी संहिता परत पाठवा. खऱ्या वाड्याचं, खऱ्या घराण्याचं, अलीकडच्या खऱ्या खुनाचं नाव घेऊन लिहिलेली कथा आली तर नाव, गाव, खुणा बदलल्याशिवाय छापू नका. भारतीय न्याय संहितेचं ३५६ वं कलम बदनामीचं आहे, आणि कलम बाजूला ठेवलं तरी त्या घरातली माणसं अजून तिथंच राहत असतात.

करार

दोन पानांचा करा, पण कराच. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्याच्या १९ व्या कलमात छोट्या प्रकाशकाला लागणारं बरंचसं आलेलं आहे. हक्क देण्याघेण्याचा व्यवहार लेखी आणि सहीनिशी असला पाहिजे. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत की ते आपोआप जातात. तेव्हा मुदत लिहा, भाषा लिहा, छापील, ई-बुक आणि ऑडिओ हे वेगवेगळे लिहा. सिनेमा-मालिकेचे हक्क लेखकाकडंच ठेवा. आपण छापणारी माणसं, ज्याचा उपयोग आपल्याला करता येत नाही ते अडवून ठेवू नये. रॉयल्टी छापील किमतीच्या दहा टक्क्यांपासून सुरू करा आणि हिशोब वर्षातनं एकदा, ठरलेल्या महिन्यात, लेखकानं न मागता द्या. प्रती कमी गेल्या असतील तरी कागद पाठवा.

लेखकाकडनं छपाईचे पैसे घेऊन पुस्तक काढायचं असेल तर तो वेगळा धंदा आहे. तो उघडपणे करणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मग 'आम्ही निवडून छापतो' असं म्हणू नका. पहिलंच पुस्तक असलेल्या लेखकाला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती द्या, अर्ज भरायला मदत करा.

जुन्या गाजलेल्या कथा 'आता कुणाच्या नसतील' म्हणून छापायचा मोह होतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि ती मोजायची पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. नारायण धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचे हक्क २०६८ अखेरपर्यंत आहेत. त्यासाठी वारसांची किंवा हक्क असलेल्या प्रकाशकाची परवानगी लागणारच. एडगर ॲलन पो १८४९ मध्ये गेला, त्याच्या मूळ कथांचा नवा अनुवाद कुणीही करावा. दुसऱ्या कुणी केलेला मराठी अनुवाद मात्र त्या अनुवादकाचा असतो, तो उचलायचा नाही.

अक्षरजुळणी आणि तपासणी

लेखकांकडनं संहिता निम्म्या वेळा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये येते. ती कन्व्हर्टरमधनं काढली की वरवर नीट दिसते, पण 'ऱ्या' मोडतो. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, 'पायऱ्या' च्या 'पायर्या', 'तऱ्हा' ची 'तर्हा'. भयकथेत पायऱ्या किती येतात बघा. स्पेलचेकवर विसंबू नका. 'र्या' आणि 'र्ह' शोधून प्रत्येक जागा डोळ्यानं बघा, कारण 'सूर्या', 'आचार्या' तिथंच अडकतात आणि ते बरोबर असतात. सगळे एकदम बदलून टाकले की 'सूऱ्या' होतो. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू असल्याची खात्री करा, नाहीतर जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटतात. फाँट मराठी वळणाचा घ्या. आपला 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो आणि वाचकाच्या डोळ्याला ते लगेच कळतं. तिरो देवनागरी मराठी हा मुक्त परवान्याचा फाँट पुस्तकाच्या मजकुराला चांगला चालतो.

प्रूफ तीन वेळा, त्यातलं एक कागदावर, आणि एक ज्यानं ही कथा आधी वाचलेली नाही अशा माणसाकडनं. मी शेवटचं प्रूफ मोठ्यानं वाचते. शेजारी बसून दुसऱ्यानं मूळ संहिता धरायची. वेळखाऊ आहे, पण सुटलेला शब्द आणि दोनदा आलेलं वाक्य असंच सापडतं.

छपाई

प्रेसवाल्याशी बोलायला थोडं गणित लागतं. डेमी १/८ आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, कथासंग्रहाला बरोबर बसतो. पानं १६ च्या पटीत ठेवा. १४४, १६०, १७६. डबल डेमी, म्हणजे २३ बाय ३६ इंचाच्या एका शीटमधनं या आकाराची ३२ पानं निघतात. १६० पानांच्या पुस्तकाला पाच शीट, ५०० प्रतींना २५०० शीट, म्हणजे पाच रीम आणि वर वेस्टेज. ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचा, असा एक रीम साधारण पावणेएकोणीस किलोचा होतो. कागद किलोवर विकला जातो, त्यामुळं एवढा हिशोब तुम्हाला तोंडी आला की कोटेशनमधला कागदाचा आकडा तुमचा तुम्हीच पडताळू शकता.

कागद नॅचरल शेडचा घ्या. दिव्याखाली पांढराफेक कागद डोळ्यांवर येतो, आणि ही पुस्तकं वाचली जातात रात्रीच. ७० जीएसएमच्या खाली उतरलात तर मागच्या पानाची अक्षरं पुढं दिसायला लागतात. पहिलं पुस्तक २०० प्रतींच्या आत काढायचं असेल तर डिजिटल परवडतं. ५०० च्या पुढं ऑफसेट.

मुखपृष्ठाबद्दल मी हट्टी आहे. या प्रकारातल्या प्रत्येकाला काळं कव्हर पाहिजे असतं. काळा रंग सगळ्यात जास्त दगा देतो. नुसत्या काळ्या शाईचा सपाट भाग राखाडी दिसतो, म्हणून त्यात निळा, गुलाबी, पिवळा मिसळून गडद काळा करतात. पण मग त्या काळ्यातनं पांढरी अक्षरं कोरली तर चार शाया केसभर जरी सरकल्या तरी बारीक रफार, अनुस्वार बुजतात. वर मॅट लॅमिनेशन केलं की पार्सलात पुस्तकं एकमेकांवर घासून पांढरे ओरखडे येतात, आणि दुकानात हाताळल्यावर बोटांचे ठसे राहतात. काळंच पाहिजे असेल तर ओरखडे न पडणारं लॅमिनेशन मागा, लेखकाचं नाव जाड अक्षरात घ्या, कण्याच्या घडीवर रंग तडकतो का ते डमीवर बघा. मला विचाराल तर उसाचा मळकट हिरवा, शेणानं सारवलेल्या भिंतीचा रंग, पुराच्या पाण्याचा तांबूस, यांतनं जास्त भीती येते. कवटी, रक्त, लांब केसांची बाई हे चित्रकाराला पहिल्या भेटीतच नको म्हणून सांगा, आणि त्याला आख्खी संहिता वाचायला द्या. सारांशावर काढलेलं चित्र सारांशासारखंच दिसतं.

प्रेसची वेळ सांभाळा. आपल्या जिल्ह्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पतसंस्था, दूधसंस्था आणि साखर कारखाने यांचे वार्षिक अहवाल छापायची घाई असते, कारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात. पुढं दिवाळीनंतर कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका. दिवाळीला पुस्तक पाहिजे असेल तर फाइल जुलैमध्ये प्रेसला गेली पाहिजे. थांबून, प्रेसमध्ये उभं राहून पहिलं छापलेलं शीट बघा. फोनवर आलेल्या फोटोवर होकार देऊ नका.

पैसे

आकडे समजायला घेते, तुमच्या कोटेशनचे घालून पुन्हा मांडा. ५०० प्रती, एका प्रतीचा छपाई खर्च ७० रुपये, म्हणजे ३५,०००. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन मिळून १७,६००. एकूण ५२,६००. किंमत २८० रुपये. दुकानदाराला ४० टक्के दिले तर १६८ हातात येतात, त्यातनं २८ रुपये रॉयल्टी गेली की १४० उरतात. घातलेले पैसे निघायला ३७६ प्रती विकाव्या लागतात. तेच पुस्तक तुम्ही थेट वाचकाला विकलं आणि बांधणी-टपालाचे ४० रुपये स्वतः सोसले, तर प्रतीमागं २१२ उरतात आणि २४९ प्रतींत खर्च निघतो.

म्हणून पहिल्या पुस्तकाला वितरकाच्या मागं धावू नका. वितरक दुकानदारापेक्षा जास्त कमिशन मागतो, उधारी लांबते, परतीची पुस्तकं कोपरे दुमडून येतात. आधी वाचकांची यादी करा. नाव, गाव, फोन, त्यानं काय घेतलं. प्रकाशनपूर्व सवलत देऊन शंभर जणांची नोंद झाली की छपाईचा मोठा भाग हातात येतो. पण ती घेतली की सांगितलेल्या तारखेला पुस्तक गेलंच पाहिजे. पुण्याचा अप्पा बळवंत चौक दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकानंतर बघा, तेव्हा तुमच्याकडं दाखवायला कपाटाचा एक कप्पा तरी असतो.

१६० पानांचं पुस्तक दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. टपाल खात्यानं मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केली आहे, तिचा ३०० ग्रॅमपर्यंतचा दर २० रुपये आहे, कर वेगळा. त्या पाकिटात जाहिरातीची पत्रकं चालत नाहीत, म्हणून पुढच्या पुस्तकाचं हँडबिल कोंबू नका. पुठ्ठा दोन्ही बाजूंनी घाला, पावसाळ्यात आत प्लॅस्टिक.

वाचनालयांना विसरू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या शहरात आहे, आणि तालुक्यातालुक्यात लहान ग्रंथालयं आहेत. अनुदानाचा हप्ता आला की त्यांची खरेदी निघते, बरेचदा मार्चच्या तोंडावर. तेव्हा यादी, किंमत, सवलत असं एका पानावर छापून स्वतः जाऊन द्या. ग्रंथपालाला एक कथा वाचायला सांगा. आपल्याला आवडलेलं पुस्तक ग्रंथपाल खिडकीवर आलेल्या वाचकाच्या हातात ठेवतो, आणि तिथनं पुढं पुस्तक स्वतःच्या पायानं चालतं.

प्रकाशन समारंभाला हार-तुरे, पाहुणे यांच्यावर खर्च करण्यापेक्षा वाचन ठेवा. शाहू स्मारक भवनात किंवा कुणाच्या सोप्यात, एक कथा, एक चांगला वाचणारा, दिवे मंद. शेवट वाचायचा नाही. तो पुस्तकात आहे असं सांगून बाहेर टेबल मांडायचं.

साठा

पुस्तकं तळमजल्यावर ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये नदी त्याच्या कितीतरी वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा. शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, उत्तरेश्वर पेठ या बाजूला भाडं कमी म्हणून गाळा घ्याल आणि एका रात्रीत आख्खी आवृत्ती लगदा होईल. वरचा मजला नसेल तर उंचावरच्या भागातल्या नातेवाइकाची खोली मागा. गठ्ठे फरशीवर नकोत, भिंतीला टेकवून नकोत. खाली लाकडी फळ्या, मधे हवा जायला जागा. आपल्याकडच्या पावसात कागद ओल धरतो आणि कव्हर वर वळतं. जून लागायच्या आत गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्या, उघडे ठेवायचे ते फक्त महिन्याला लागणारे.

पुस्तक बाजारात गेलं की वाचकांचे फोन येतात. चूक सापडली असं सांगणाऱ्याचे आभार माना आणि पान क्रमांकासह ती एका फाइलमध्ये लिहून ठेवा. पन्नास प्रती उरल्या की पुनर्मुद्रणाचा विचार सुरू करा. ती फाइल काढा, एकेक दुरुस्ती मूळ फाइलमध्ये करा, बदललेली पानं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचा, आणि मग प्रेसला फोन लावा.